यशाचा हिशोब: फ्लेक्सवर न मावणारा

लग्नाच्या मांडवात, पंगतीला किंवा एसटी स्टँडवर ओळखीचं कुणी भेटलं की मराठवाड्यात ठरलेले तीन प्रश्न येतात. "पोरगं काय करायलंय?" "पगार किती पडतो?" "तिकडं प्लॉट-बिट घेतला का?" तिन्हींची उत्तरं बरी आली की विचारणारा मान डोलावतो आणि "चांगलं झालं बघा, लाईनीला लागलं लेकरू" म्हणून मोकळा होतो. यशाची व्याख्या आपल्याकडे कुणी फळ्यावर लिहून दिलेली नाही, पण ती अशी रोज चालू असते. त्या पोराला आपलं काम आवडतं का, हा चौथा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारलाच तर आगाऊपणा वाटेल.

या तीन प्रश्नांना नावं ठेवणं सोपं आहे. "पैसा म्हणजे सगळं नव्हे, समाधान महत्त्वाचं" हे वाक्य व्याख्यानात टाळ्याही घेतं. पण ते बहुतेकदा ज्याच्या घरी एक तारखेला पगार जमा होतो तोच बोलतो. मराठवाड्यात हे प्रश्न उगाच आलेले नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पदवीपर्यंत शिकायचं तर बहुतेकांना हैदराबाद गाठावं लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढलं ते १९५० मध्ये, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ मध्ये. त्यानंतर कुठे गावागावातून पहिला पदवीधर, पहिला मास्तर, पहिला तलाठी निघू लागला. कोरडवाहू गावात एका घरात दरमहा रोख पैसा यायला लागला की त्यावर दोन भाऊ शिकायचे, एका बहिणीचं लग्न व्हायचं, सावकाराची पायरी सुटायची. त्या पिढीसाठी "नौकरी आहे का?" हा प्रश्न म्हणजे "घर तगेल का?" हाच प्रश्न होता. मोजमाप अगदी नेमकं होतं.

पुढे बिघडलं ते मोजमापाचं आणि ज्यासाठी मोजायचं त्या गोष्टीचं नातं.

माप आणि मोजायची गोष्ट

चार्ल्स गुडहार्ट नावाचे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ बँक ऑफ इंग्लंडमध्ये सल्लागार होते. १९७५ साली चलनधोरणाबद्दल लिहिताना त्यांनी एक निरीक्षण नोंदवलं आणि पुढे ते त्यांच्याच नावाचा नियम म्हणून सगळीकडे वापरलं जाऊ लागलं. सोप्या भाषेत तो नियम असा: एखादं मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की ते मोजमाप म्हणून कामाचं राहत नाही. ताप किती आहे ते थर्मामीटर सांगतो. पण "पारा खाली आला पाहिजे" एवढाच हुकूम असेल तर थर्मामीटर गार पाण्यात बुडवूनही तो पाळता येतो. अंगातला ताप तसाच राहतो.

हे कळायला लातूरइतकं चांगलं ठिकाण नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद या कॉलेजांमुळे 'लातूर पॅटर्न' हे नाव राज्यभर झालं. मूळ पॅटर्नमध्ये जादू नव्हती. पोर्शन लवकर संपवायचा, मग पेपरांवर पेपर सोडवून घ्यायचे, चुकलं तिथे पुन्हा शिकवायचं. इंग्रजीला बिचकणाऱ्या, खेड्यातून आलेल्या पोरांना त्याने पुण्या-मुंबईच्या पोरांच्या रांगेत नेऊन बसवलं. हे काम मोठं होतं आणि त्याची टिंगल करणाऱ्यांनी आधी एखाद्या वाडीवरच्या शाळेत एक वर्ष काढावं. त्या वेळी मार्क म्हणजे पोराला किती समजलं याचा अंदाज होता.

आता ट्यूशन एरियात एक चक्कर मारा. पोराचं नाव एका कॉलेजात आणि सगळा दिवस क्लासमध्ये. टेस्ट झाली की मार्क पोराआधी बापाच्या मोबाईलवर येतात. मार्कांवरून बॅच ठरते आणि बॅच खाली घसरली की पोरगं मेसमध्ये जुन्या मित्रांच्या टेबलावर बसायचं टाळायला लागतं, मग मुद्दाम उशिरा जेवायला जातं. वर्गात एखाद्याने "पण सर, हे असं का होतं?" विचारलं की उत्तर येतं, "ते नीटला येत नाही." नीट म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशाची देशभरातली परीक्षा. या एका वाक्यात गुडहार्टचा सगळा नियम आहे. ज्या मुलाला उद्या माणसाचं शरीर समजून घ्यायचंय, त्याला 'का' विचारायची मुभा नाही, कारण उत्तराचे गोल रंगवायच्या ओएमआर शीटवर 'का'साठी गोल नसतो. माप एकदा सर्वस्व झालं की त्याला गार पाण्यात बुडवणारेही निघतात. २०२४ ची नीट पेपरफुटी गाजली तेव्हा तपासाचे धागे लातूरपर्यंत आलेच.

नियम फक्त मार्कांना लागू नाही. सरकारी किंवा अनुदानित नोकरी हे स्थैर्याचं माप. म्हणून मग दोन एकर विकून "संस्थेला देणगी" देतात आणि पोराला चिकटवतात. पिढ्यान्‌पिढ्या घराला धरून असलेली जमीन, म्हणजे खुद्द स्थैर्य, विकून स्थैर्याचा शिक्का विकत घेतला. मांडवात उत्तर मात्र बरं देता येतं.

फ्लेक्सवर कोण नसतं

निकाल लागला की चौकाचौकात फ्लेक्स लागतात. पन्नास-साठ चेहरे, खाली मार्क, मध्ये संचालकांचा हात जोडलेला फोटो. ते चेहरे खरे असतात, त्यांचे मार्कही बहुधा खरे असतात. तरीही फ्लेक्स दिशाभूल करतो, कारण किती जण बसले होते हे त्यावर नसतं. संख्याशास्त्रात याला टिकून राहिलेल्यांचा पूर्वग्रह म्हणतात. जे उरले तेच दिसतात, गळलेले दिसत नाहीत आणि उरलेल्यांकडे बघून आपण यशाचे नियम बांधतो. टॉपर सांगतो, "रोज चौदा तास अभ्यास केला." पण चौदा तास अभ्यास करून न लागलेल्या पोराची मुलाखत कोण घेतं? दोघांनी चौदा तासच केले असतील, तर निकाल चौदा तासांनी लागलेला नाही, त्यात आणखी काहीतरी आहे.

आकडे बघा. २०२४ मध्ये देशभरात २३ लाखांहून जास्त विद्यार्थी नीटला बसले. एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर आणि कमी फीच्या सरकारी जागा त्यातल्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे सगळ्या जागा धरल्या तरी वीस-एकवीस जणांत एक. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला लाखोंनी अर्ज येतात आणि २०२३ च्या परीक्षेतून शेवटी १,०१६ जणांची शिफारस झाली. आता समजा, उद्यापासून सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला. जागा किती वाढतील? एकही नाही. फ्रेड हर्श या अर्थतज्ज्ञाने १९७६ साली हा फरक मांडला होता: काही गोष्टी सगळ्यांना मिळू शकतात आणि काहींची किंमतच इतरांना त्या न मिळण्यात असते. साक्षरता पहिल्या प्रकारची, मेरिटमधला नंबर दुसऱ्या प्रकारचा. माझी शेजारीण वाचायला शिकली तर माझं वाचन कमी होत नाही. तिचा मुलगा माझ्या मुलाच्या पुढे गेला की माझ्या मुलाचा नंबर मात्र मागे जातो.

यशाची व्याख्या पूर्णपणे दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींवर बांधली, तर समाजातली बहुसंख्य माणसं गणितानेच अपयशी ठरणार. कितीही मेहनत करा, वीसपैकी एकोणीस नापास. मग ते एकोणीस आळशी होते असं म्हणणं म्हणजे निव्वळ हिशोबाची चूक आहे. या चुकीची किंमत सतरा-अठरा वर्षांची लेकरं मोजतात. घरातलं पोर गप्प गप्प राहतंय, जेवण टाळतंय असं दिसलं तर मानसिक आरोग्यासाठी 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर आहे, पोराने फोन नाही केला तर बापाने करावा.

शेतात तर हे आणखी उघड दिसतं. त्याच माणसाने, त्याच बियाण्याने, तेवढाच घाम गाळून सोयाबीन पेरलं. एका वर्षी पाऊसच नाही, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. दुसऱ्या वेळी इतका पाऊस की सप्टेंबर २०२५ सारखी जमीनच खरडून जावी. कर्ज थकलं की गाव म्हणतं, "त्याला जमलं नाही." हवामानाचा, बाजाराचा आणि धरणाच्या राजकारणाचा वाटा एका माणसाच्या नावावर टाकायची ही सवय फार जुनी आहे.

पैशाने किती फरक पडतो

पैशाने सुख येतं का, यावर मतं पुष्कळ आहेत, पण पाहण्याही आहेत. २०१० मध्ये डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन या दोन नोबेल विजेत्यांनी अमेरिकेतल्या साडेचार लाखांवर उत्तरांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की रोजचं सुख वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरपर्यंत वाढतं आणि मग थांबतं, पण "माझं आयुष्य कसं चाललंय?" या प्रश्नाचं उत्तर पुढेही सुधारत राहतं. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना मात्र सुखसुद्धा पुढे वाढताना दिसलं. मग भांडत न बसता किलिंग्सवर्थ आणि काहनेमन यांनी एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले आणि २०२३ मध्ये सांगितलं: बहुतेकांचं सुख उत्पन्नासोबत वाढत राहतं, फक्त जे मुळातच सगळ्यात दुःखी आहेत त्यांच्या बाबतीत एका मर्यादेनंतर पैसा काम करत नाही. आपल्याकडे अजून फक्त २०१० चा अर्धाच निष्कर्ष फिरत असतो.

यातली कामाची गोष्ट वेगळीच आहे. फरक रुपयांनी पडत नाही, पटीने पडतो. महिना १५ हजारांचे ३० हजार झाल्यावर जेवढं बरं वाटतं, साधारण तेवढंच वाटायला दीड लाखवाल्याला तीन लाख लागतात. इतर देशांतल्या पाहण्यांतही आकार असाच दिसतो. म्हणून उसाच्या फडात जाणाऱ्या घरासाठी वाढीव दहा हजार हे आयुष्य बदलणारं यश आहे आणि छत्रपती संभाजीनगरात दोन फ्लॅट असलेल्याला तिसरा फ्लॅट हा थोडाफार फरक आहे. दोघांनाही "पैसा महत्त्वाचा की समाधान?" असा एकच प्रश्न विचारणं अन्यायाचं आहे.

त्यावर आणखी एक गोष्ट चढते, ती म्हणजे भावकी. माणूस आपली तुलना अंबानीशी करत नाही, चुलतभावाशी करतो. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हेच मांडलं होतं, की आपण स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्याच लोकांशी. एकाच आजोबाच्या सात-बाऱ्यातून फुटलेली चार घरं एकमेकांच्या स्लॅबची उंची बघत असतात. गंमत म्हणजे हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चालू असलेल्या आणि शेकडो पुरुषांचं आयुष्य म्हातारपणापर्यंत नोंदवणाऱ्या अभ्यासात निरोगी, समाधानी म्हातारपणाशी सगळ्यात घट्ट संबंध दिसला तो जवळच्या नात्यांचा. आपल्याकडे ती नाती आणि ती तुलना एकाच वाड्यात राहतात. रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायला तोच चुलतभाऊ गाडी काढतो आणि सकाळी "तुझ्या पोराला किती पडले?" असंही तोच विचारतो. नाती जपा म्हणजे सुख मिळेल, हा सल्ला अमेरिकेत जितका सरळ आहे तितका इथे नाही.

उपास आणि उपासमार

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे. अमर्त्य सेन यांनी १९४३ चा बंगालचा दुष्काळ लहानपणी पाहिला, पुढे अर्थशास्त्र केलं, १९९८ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचं एक साधं उदाहरण आहे. दोन माणसं दिवसभर उपाशी आहेत. एकाने उपास धरलाय, दुसऱ्याकडे खायला नाही. पोटात गेलेलं अन्न मोजलं तर दोघंही सारखेच. पण पहिल्यापुढे ताट होतं आणि त्याने ते बाजूला सारलं. दुसऱ्यापुढे ताटच नव्हतं. सेन म्हणतात, माणसाचं बरं चाललंय का हे पाहायचं तर त्याच्याकडे काय आहे एवढंच मोजू नका, त्याला खरोखर काय करता येतं, काय होता येतं, हे बघा. याला ते क्षमता म्हणतात. १९९० पासून निघणाऱ्या मानव विकास निर्देशांकात उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण आलं ते याच विचारातून.

या चष्म्यातून बीड जिल्ह्याकडे पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. म्हणजे हिशोबाच्या वहीत अख्खी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि उचल नवऱ्याच्या हातात. पहाटे अंधारात फडात शिरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. एक दिवस चुकला की खाडा आणि खाड्याचे पैसे कापतात. पाळी आली, पोट दुखलं, तरी खाडा. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यातल्या पुष्कळ जणींनी संमतीच्या कागदावर अंगठा किंवा सही केलेली असणार. कागदोपत्री ती त्यांची निवड. पण समोरचे पर्याय काय होते? खाडे भरत राहा किंवा पिशवी काढ. ही निवड नव्हे, ही उपासमार आहे आणि कागदावर तिला उपास म्हटलंय.

म्हणून माझ्या मते यशाची त्यातल्या त्यात टिकाऊ व्याख्या अशी होते: जसं जगावंसं वाटतं, आणि तसं का वाटतं हे स्वतःला सांगता येतं, तसं जगायची खरी मोकळीक हाताशी असणं आणि ती वापरणं. यात दोन गोष्टी आहेत आणि एकीने दुसरीचं काम भागत नाही. पहिली म्हणजे पायाखालची जमीन: पोटभर अन्न, तब्येत, शिक्षण, थोडी पुंजी, भीतीशिवाय नाही म्हणता येणं. ती नसेल तर "आपलं ध्येय शोधा" हा सल्ला क्रूर आहे. दुसरी म्हणजे आपलं माप आपण निवडणं. ज्याच्याकडे पाया भक्कम आहे पण माप दुसऱ्याचं आहे, तोही अडकलेलाच. वडिलांच्या हट्टापायी डॉक्टर होऊन रोज कंटाळत ओपीडी काढणारे तुमच्या तालुक्यातही असतील.

स्वतःचं माप घेऊन जगलेल्या माणसाचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलं, संन्यास घेतला, स्वामी रामानंद तीर्थ झाले, मग अंबाजोगाईलाही शिकवलं, हैदराबाद स्टेट काँग्रेसचं नेतृत्व केलं, निजामाच्या तुरुंगात गेले. संस्थान विलीन झाल्यावर सत्ता आली. १९५२ च्या निवडणुकीनंतर हैदराबादचे मुख्यमंत्री झाले बुर्गुला रामकृष्ण राव. स्वामीजी लोकसभेत गेले, पण पदांच्या हिशोबात मागेच राहिले आणि १९७२ मध्ये वारले. घर नाही, शेत नाही, मूलबाळ नाही. मांडवातल्या तिन्ही प्रश्नांत नापास. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव १९९४ मध्ये मिळालं, पण त्यामुळे ते यशस्वी ठरले असंही नाही. विद्यापीठाला नाव मिळालं नसतं तरी त्यांनी ठरवलेलं काम झालेलंच होतं.

ही हरलेल्याची समजूत तर नाही?

इथे हुशार वाचक म्हणेल, हे सगळं कोल्ह्याला द्राक्षं आंबट या प्रकारातलं आहे. पोस्ट निघाली नाही म्हणून आता "माझं माप वेगळं" म्हणायचं. आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून चालत नाही. माणूस जे मिळत नाही त्याची इच्छाच कमी करून टाकतो, हे खरंच घडतं. याचा सगळ्यात बोलका पुरावाही सेन यांनीच वारंवार दाखवलाय. बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, १९४४ मध्ये, कोलकात्याजवळ सिंगूरला आरोग्याची पाहणी झाली. "तब्येत कशी आहे?" या प्रश्नावर ४८.५ टक्के विधुरांनी तब्येत ठीक नसल्याचं सांगितलं. विधवांमध्ये तसं म्हणणाऱ्या किती? २.५ टक्के. त्या काळातल्या बंगाली विधवेची तब्येत विधुरापेक्षा ठणठणीत होती असं कुणी म्हणणार नाही. त्या बायकांनी कुरकुर करायचंच सोडून दिलं होतं.

म्हणजे नुसतं "मी समाधानी आहे" म्हणणं हा यशाचा पुरावा होत नाही. फडातल्या बाईने "आमचं बरं चाललंय ओ" म्हटलं म्हणून तिचं बरं चाललंय असं होत नाही. मग खरं माप आणि आंबट द्राक्षं वेगळी कशी ओळखायची? मला एक कसोटी बरी वाटते: ती गोष्ट उद्या फुकट, बिनकष्ट मिळाली तर घेशील का? समजा, पाच वर्षं एमपीएससी करून गावी परतलेला एक मुलगा पशुखाद्याचं दुकान चालवतो. त्याला उद्या उपजिल्हाधिकारी पद देऊ केलं आणि तो उडी मारून गेला, तर "मला दुकानच आवडतं" ही मनाची समजूत होती. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तिला यश म्हणू नये. उलट तो जरा थांबला, "मग इथलं दुकान कोण बघणार, आई कुणाकडे राहणार" असा विचार करू लागला, तर त्याचं माप खरंच बदललंय. पुष्कळांचं बदलतं. नोकरीच्या जाहिरातींचं पान उघडायची सवय सुटते, तेव्हा ते त्यांनाही कळत नाही.

मुलींच्या बाबतीत ही कसोटीही पुरी पडत नाही, हे मान्य करायला हवं. मराठवाड्यात पुष्कळ मुलींचं यश अजून "चांगल्या घरी दिली" या वाक्याने मोजतात, आणि त्यात क्रियापद तिचं नसतं. बारावीला चांगले मार्क पाडलेली मुलगी "मला घरचंच बरं" म्हणते तेव्हा तिला खरंच काय हवंय हे तिच्यापुढे दोन-तीन दारं उघडी झाल्याशिवाय कुणालाच कळणार नाही, तिलासुद्धा.

घरात पोरगं दुसऱ्यांदा ड्रॉप घेऊ म्हणतंय तेव्हा

हे सगळं शेवटी मे-जूनमध्ये एका ठिकाणी येऊन आदळतं. नीटला थोडक्यात हुकलंय, पोरगं म्हणतंय अजून एक वर्ष. बापाच्या डोक्यात फीचा आकडा, आईच्या डोक्यात पोराचं वाळलेलं तोंड. या निर्णयाला सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नाही. काहींचे मार्क दुसऱ्या वर्षी खरंच वाढतात.

पोराला "डॉक्टर का व्हायचंय?" एवढंच विचारू नका, त्याचं पाठ उत्तर तयार असतं. "एमबीबीएस नाही मिळालं आणि नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी यातलं काही मिळालं तर चालेल का, आणि का?" हे विचारा. दवाखान्यात काम करायची ओढ असलेलं पोर यातलं काहीतरी पकडतं, निदान घासाघीस तरी करतं. ज्याला फक्त नावापुढे 'डॉ.' हवंय ते चिडतं. त्याने चिडून पण मोकळेपणाने बोललं तर तेही चांगलंच. मग वर्षाचा शेवट आणि खर्चाची मर्यादा दोन्ही आधीच कागदावर लिहा, निकालाच्या रात्री ठरवू नका. जमीन विकायची पाळी येत असेल तर ती मर्यादा ओलांडली असं समजा.

आणि क्लासच्या ऑफिसात फ्लेक्सकडे बोट दाखवून सांगू लागले की "आमचे इतके लागले", तर विचारा, एकूण किती बसले होते, त्यातले रिपीटर किती, आणि दुसऱ्या ड्रॉपवाल्यांपैकी किती लागले. बहुतेक ठिकाणी काउंटरवरचा माणूस विषय बदलेल, डिस्काउंटचं बोलेल. फी भरायची घाई करू नका. दुपारी एखाद्या मेसवर जा, जरा वयाने मोठी दिसणारी, उशिरा जेवायला आलेली पोरं असतील, त्यांच्या शेजारी ताट घेऊन बसा. ती खरं सांगतात.